मळ्यातल्या घराचा राखणदार

निफाड, सिन्नर, दिंडोरी. नाशिक जिल्ह्याच्या या भागात बरीच घरं मळ्यात आहेत. भोवती ऊस नाहीतर द्राक्षबाग, शेजाऱ्याची वस्ती हाकेच्या पलीकडे. अंधार पडला की चोराची धास्ती, आणि गोदाकाठच्या उसात राहणाऱ्या बिबट्याचीही.

विहिरीवरची मोटार घरबसल्या चालू करायला इथल्या शेतकऱ्यानं मोबाईल स्टार्टर केव्हाच घेतला. त्याच्या पेटीत सिमकार्ड असतं. फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा. त्या आकड्याचा सूर ओळखून आतला रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, खटकन ओढला जातो. रिलेच्या पुढे मोटार जोडलीय की भोंगा, याच्याशी त्याला काय देणंघेणं? हे ज्यांच्या ध्यानात आलं त्यांनी पडवीवर फोकस आणि गोठ्यावर भोंगा चढवला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे पॅनेलची वायरिंग जाणणारे हात नाशिकला कमी नाहीत. हे डोकं मला फार मोलाचं वाटतं.

पुढची पायरी सेन्सरची. अंगाची ऊब हलली की तो ओळखतो आणि फोकस आपोआप लागतो. पण भर उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा त्याची नजर मंदावते. कुत्रं गेलं तरी तो जागा होतो. शिवाय रोज ठरल्या वेळी लागणाऱ्या दिव्याला जनावर सरावतं. म्हणून भोंगा आणि उजेड वेळ बदलून, कधी इथून कधी तिथून, फोनवरून लावणं बरं.

कुंपणात मात्र वीज सोडायची नाही. २३० व्होल्टच्या तारेला चोर, बिबट्या आणि पहाटे पाणी भरायला निघालेला घरचा माणूस, यांतला फरक कळत नाही. तो गुन्हा आहेच. बिबट्याला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६, माणसाचा संशय आला तर पोलिसांचा ११२.

वीज गेली तरी भोंगा वाजायला हवा, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी लागतेच. सिमचं रिचार्ज संपू देऊ नये. आणि स्टार्टरमध्ये आपल्या नंबरासोबत शेजाऱ्याचाही नंबर नोंदवावा. घरचे सगळे लग्नाला गेलेले असले, तरी शेजारच्या वस्तीवरून आपल्या अंगणात उजेड पाडता येतो.