वहीचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. आपला 'पाद्री' आला तो पोर्तुगीजांच्या 'पाद्रे'वरून. तोच पाद्रे जपानला उतरला आणि झाला 'बातेरेन'. पावाचंही तेच. आपण पाव म्हणतो, जपानी लोक 'पान' म्हणतात. हल्ली आपल्याकडे जो तो 'बन' म्हणू लागलाय. वडाबन ऐकलाय कधी? माझ्या तरी घशाखाली उतरत नाही. असो.

गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला पोचले. १५८७ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशीनं बातेरेनना देश सोडायचा हुकूम काढला आणि १६१४ साली तर देशभर ख्रिस्ती धर्मावरच बंदी आली. पुढे बातेरेन एकही उरला नाही. एकही नाही! मग नागासाकीजवळच्या उराकामीतल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी गुपचूप कामं वाटून घेतली. बाप्तिस्मा देणारा तो 'मिझुकाता', पाण्याचा माणूस. सणवार मोजणारा तो 'चोकाता', वहीचा माणूस. ही वही ध्यानात असू द्या.

आता १७ मार्च १८६५. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथं नवं चर्च झालेलं, जपानी माणसाला बंदी कायम. दुपारी दाराशी उराकामीची दहा-पंधरा माणसं उभी. फ्रेंच धर्मगुरू पेतिझाँ यांनी दार उघडलं आणि ते आत प्रार्थनेला बसले. तीन बायका शेजारी येऊन गुडघ्यांवर टेकल्या. एकीनं छातीवर हात ठेवला आणि भिंतीलाही कळू नये अशा आवाजात म्हणाली, "आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे." आणि लगेच, "सांता मारिया कुठंय?"

पेतिझाँनी त्यांना मेरीच्या मूर्तीपाशी नेलं. मंडळी हरखली, बोलती झाली. बोलता बोलता म्हणाली, आज आमच्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस. दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लेंट. त्या वर्षी तो सुरू झाला होता १ मार्चला. मोजा बोटांवर. सतरावाच! दोनशेहून जास्त वर्षं धर्मगुरू नाही, छापील कॅलेंडर नाही, आणि वहीच्या माणसांचा एक दिवसही चुकला नव्हता. आमच्याकडे भिंतीवर दोन-दोन कॅलेंडरं, तरी चतुर्थी शेजारीण सांगते तेव्हा कळते.

वेळ संपत आली, तेव्हा पाद्रीसाठी जपानीत आज वापरतात ते शब्द भरभर सांगतो. कॅथलिक पाद्री तो 'शिन्पु', त्यात देव आणि पिता ही अक्षरं. प्रोटेस्टंट पाद्री तो 'बोकुशी', त्यात गुरं चारण्याचं अक्षर. पुन्हा सांगतो: कॅथलिक शिन्पु, प्रोटेस्टंट बोकुशी. नमस्कार.