आजींचा अंगठा

नमस्कार, श्रोतेहो.

घर घेताना कागद कोणते बघायचे, हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. वकिली करायला लागून तीस वर्षं झाली. त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "घर बाबांच्या नावावर होतं. बाबा गेले. नॉमिनी आई आहे. आता आईच्या एकटीच्या सहीनं घर विकता येईल ना?"

नाही येणार. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे वाक्य मी आज पुन्हा म्हणणार आहे, कारण एकदा ऐकून ते मनात ठरत नाही. सोसायटीनं कुणाशी बोलायचं, मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, त्यासाठी नॉमिनी असतो. वारसांच्या वतीनं तो घर सांभाळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात तर स्पष्टच म्हटलंय की वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मालकी मृत्युपत्रानं ठरते, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यानं.

मग वारस कोण? मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, आणि बाई गेली तरी क्रम बदलतो. पण हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पहिला हक्क बायकोचा, मुलांचा, मुलींचा आणि आईचा. शेवटचा शब्द पुन्हा सांगते. आईचा. गेलेल्या माणसाची आई हयात असेल, तर तिचा वाटा सुनेइतकाच आणि नातवंडांइतकाच. आणि नेमकी हीच आई सगळे विसरतात.

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. ठाण्यात वन बीएचके पसंत केला होता. मुलगी पहिलीत जायची होती आणि शाळा त्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. विकणाऱ्या बाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेलेले. एक मुलगा, एक मुलगी, दोघं सज्ञान, दोघं सही द्यायला तयार. शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याच्या, मागे बाईंचं नाव चढलेलं. पेपरात जाहीर नोटीस देऊन झालेली, हरकत आलेली नाही. दोन लाख टोकनही देऊन झालेलं. मी फक्त करारनामा नजरेखालून घालायचा होता.

मी बाईंना विचारलं, "वहिनी, तुमच्या सासूबाई?"

"आहेत ना. गावाला, गुहागरकडे. धाकट्या दिरांकडे असतात."

खोलीत कुणी काही बोलेना. मग एजंट म्हणाला, "मॅडम, नोटीस दिलीय की पेपरात. आता कोण विचारतंय?"

श्रोतेहो, पेपरातल्या नोटिशीनं कुणाचा हक्क संपत नाही. त्या आजी कोकणात बसून ठाण्याचा पेपर वाचणार होत्या का? घराचे चार वाटे होते: बाईंचा, मुलाचा, मुलीचा आणि आजींचा. आजींच्या सहीशिवाय जोडप्याला पाऊण घर मिळालं असतं आणि कर्ज पूर्ण घराचं फेडावं लागलं असतं. उद्या आजी गेल्या असत्या, तर त्यांच्या पाव हिश्शावर त्यांची बाकीची मुलं आली असती. एका अंगठ्याचं काम चार-पाच जणांच्या सह्यांवर गेलं असतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गेल्यापासून सासरशी बोलणं तुटलं होतं. सगळे म्हणायला लागले, आजींकडून हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, घ्या, किरकोळ मुद्रांकात काम होतं. मी म्हटलं, आजींना विकणाऱ्यांमध्ये घ्या आणि त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या खात्यात भरा.

इथे जरा थांबून बोलते. हक्कसोड हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो. बहिणीला माहेरी बोलवायचं, साडी-चोळी करायची आणि निघताना कागद पुढे करायचा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. तरी आजही माझ्यासमोर बहिणी मान खाली घालून सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. कुणी मनापासून सोडत असेल तर जरूर सोडावं. पण वाटा किती रुपयांचा आहे, हे तिला आधी कुणीतरी सांगितलेलं असावं. एवढं मला फार वाटतं.

तर आजी आल्या. वय चौऱ्याऐंशी, पुतण्या गाडीतून घेऊन आला. दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात दुपारचा नंबर लागला. फोटो झाला, आणि अंगठा काही मशीनवर उमटेना. उजवा झाला, डावा झाला. जन्मभर भाताची लावणी, शेणानं सारवण, अंगठ्याच्या रेषाच झिजून गेलेल्या. ऑपरेटर मुलगी शांतपणे म्हणत होती, "आजी, जरा दाबून." शेवटी सून उठली. तीन वर्षांत पहिल्यांदा सासूच्या जवळ गेली. पदर ओला केला, तो अंगठा पुसला, आपल्या हातात धरला आणि काचेवर दाबून ठेवला. उमटला.

बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, "आता माझ्या लेकाचं घर दाखवा." वास्तुशांतीनंतर त्या तिथे आल्याच नव्हत्या. गेलो सगळे. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याखाली वाकल्या. तिथे पाटा-वरवंटा होता. वास्तुशांतीला त्यांनीच गावाहून एस.टी.नं पाठवलेला. घर घेणाऱ्या मुलीला जवळ बोलावून म्हणाल्या, "हा इथेच राहू दे. माशाचं वाटण यावरच कर." तो पाटा आजही त्या ओट्याखाली आहे. मी त्या वाटणाचं सुरमईचं कालवण जेवले आहे.

वेळ थोडा राहिलाय, म्हणून भराभर सांगते. आजींना प्रवास झेपला नसता, तर गावाकडच्या दुय्यम निबंधकांसमोर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करता आलं असतं. माणूस अंथरुणाला असेल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरीही येतात. पण देणारा माणूस गेला की कुलमुखत्यारपत्रही संपतं, हे ध्यानात असू द्या. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी. नवीन इमारतीत घर घेत असाल, तर करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा या बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातच तसं आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा प्राप्तिकर, रकमेतून कापून सरकारकडे भरायचा. सह्या झाल्या की दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीला न्यायचा.

आणि पुन्हा तेच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. टोकन देण्याआधी विकणाऱ्याला विचारा: घर कुणाच्या नावावर होतं, ते कधी गेले, आणि त्यांची आई आहे का?

शेअर सर्टिफिकेटला लॅमिनेशन मात्र करू नका. हस्तांतरणाची नोंद त्याच्या पाठीमागे करावी लागते, आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही.

नमस्कार.