आधी पाय दाखवा, मग औषध

(दृश्य: हॅरोमधला बाजाररस्ता, फार्मसीवरचा हिरवा क्रॉस)

लंडनच्या वायव्येला हॅरो, जुलै महिना, आणि इथल्या मानाने ऊन चांगलंच तापलंय. हे जे हिरव्या क्रॉसचं दुकान दिसतंय ना, शॅम्पू, सनक्रीम, बाळाचे डायपर असं सगळं मांडलेलं, ते बाहेरून बघितलं की वाटतं इथे नुसती विक्री चालते. पण काउंटरच्या उजव्या हाताला एक पांढरं दार आहे बघा. आत छोटी खोली, दोन खुर्च्या, एक सिंक, एक कॉम्प्युटर. या खोलीत फार्मासिस्ट पेशंट तपासतो आणि गरज असेल तर स्वतःच्या अधिकारात अँटिबायोटिक देतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

हे सुरू झालं 31 जानेवारी 2024 ला. एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, फार्मसी फर्स्ट सेवा, फक्त इंग्लंडमध्ये, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यांची त्यांची वेगळी सोय आहे. सुरुवातीलाच 10,000 पेक्षा जास्त फार्मसी यात आल्या. सात दुखणी ठरलेली आहेत, सायनस, घसा, मुलांचा कान, इम्पेटिगो म्हणजे कातडीवरचं खपल्या धरणारं इन्फेक्शन, नागीण, बायकांचं साधं युरिन इन्फेक्शन आणि सातवं आपलं आजचं, कीटक चावून त्या जागेत झालेलं इन्फेक्शन. प्रत्येकासाठी लेखी नियमावली असते, कुणाला काय द्यायचं, किती दिवस द्यायचं, आणि कुणाला अजिबात द्यायचं नाही. त्या चौकटीत राहून निर्णय फार्मासिस्टचा. चार वर्षांची डिग्री, वर एक वर्ष ट्रेनिंग, मग रजिस्ट्रेशन, एवढं करून हा माणूस तिथे उभा असतो, आणि आपण त्याला विचारतो, "क्रोसिन आहे का?"

(दृश्य: काकूंचा घोटा, जवळून)

या काकू मूळच्या साताऱ्याकडच्या, वय पासष्टच्या पुढे, मुलगा-सुनेबरोबर इथेच स्थायिक. तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी बागेत फिरताना घोड्यावरची मोठी माशी चावली, इथे तिला हॉर्सफ्लाय म्हणतात. ही माशी डासासारखी सुई टोचत नाही, कातडी कापते आणि आलेलं रक्त चाटते, म्हणून दुखतंही जास्त आणि भरायलाही वेळ लागतो. घोटा बघा, कातडी ताणून चकचकीत झालीय, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटलाय, मधे पिवळसर टोक.

आता फार्मासिस्ट काय करतात ते नीट बघा, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. पहिला प्रश्न, कधी चावलं? चावल्यावर पहिल्या दिवशी जागा लाल होते, सुजते, खाजते, ती बहुतेक वेळा अंगाची रिअ‍ॅक्शन असते, जंतू नसतात. 48 तास उलटून गेल्यावर दुखणं नव्याने सुरू झालं किंवा वाढत चाललं तर शंका घ्यायची. मग लाली, दुखणं, सूज आणि गरमपणा या चारातलं किमान तीन पाहिजे, आणि ते पसरतंय का, पू आहे का, हेही बघायचं. काकूंना विचारलं, खाजतंय की दुखतंय? त्या म्हणाल्या, आधी खाजत होतं, काल रात्रीपासून ठणकतंय.

आणि लालीचं एक सांगतो, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवाच. गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते, आपल्या सावळ्या कातडीवर ती जांभळट दिसते, तपकिरी दिसते, कधी नुसतीच काळपट, आणि वरवर बघणाऱ्याच्या नजरेतून सुटून जाते. म्हणून हे फार्मासिस्ट खुर्ची पुढे ओढून दोन्ही पाय शेजारी ठेवायला लावतात, हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावतात, मग दुखऱ्या, पुन्हा चांगल्या. गरमपणा हाताला कळतो. "आंटी, यहाँ दर्द है? और यहाँ?" असं विचारत बोट बाहेरून आत नेतात. ताप बघितला, नाडी बघितली, बीपी घेतलं.

(दृश्य: पेन)

आणि आता ही रेघ. एकदाच वापरायचं सर्जिकल पेन, सूज जिथे संपते तिथे कडेकडेने ओढत नेलेली निळी रेघ, घोट्याच्या वर, मग मागे टाचेकडे. उद्या परवा सूज या रेघेच्या बाहेर गेली की कुणालाही कळेल, सुनेला कळेल, फोनवर फोटो बघणाऱ्या डॉक्टरला कळेल, काकूंना स्वतःला कळेल.

मग औषधाचे प्रश्न. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का? काकू म्हणाल्या, गावाकडे एकदा गोळ्यांनी पोट बिघडलं होतं. ती अ‍ॅलर्जी नव्हे, अंगावर पित्त उठणं, तोंड-ओठ सुजणं, दम लागणं असं काही झालं होतं का ते विचारलं, नव्हतं. चालू गोळ्या कोणत्या? बीपीची आणि कोलेस्टेरॉलची. हे उगाच विचारत नाहीत, पेनिसिलिन चालत नसेल तर क्लॅरिथ्रोमायसिन द्यावं लागतं आणि ते कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर घेणं धोक्याचं असतं.

मग काकूंनी पर्समधून एक स्ट्रिप काढली, भारतातून येताना बरोबर आणलेलं अँटिबायोटिक, "असू द्यावं म्हणून". आपल्या किती घरांत असतं हे! नशीब की अजून फोडलेली नव्हती. फार्मासिस्टनी ती हातात घेऊन नाव वाचलं, शांतपणे बाजूला ठेवली आणि सांगितलं की हे घेऊ नका. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात, पुढे खरंच लागतं तेव्हा औषध चालत नाही.

(दृश्य: काउंटर, औषधाची पिशवी)

पेनिसिलिनच्याच जातीचं फ्लुक्लॉक्सासिलिन, 500 मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाच दिवस, म्हणजे 20 कॅप्सूल. रिकाम्या पोटी घ्यायची, खाण्याच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी, त्यामुळे काकूंच्या सकाळच्या चहा-बिस्किटाची वेळ धरून सुनेबरोबर बसून टाइमटेबल लिहिलं, ते पिशवीवर दिसतंय. तपासणीचे पैसे नाहीत. औषधाला एनएचएसचा नेहमीचा चार्ज लागतो, मे 2024 पासून एका औषधाला 9.90 पाऊंड, पण साठीच्या पुढच्यांना आणि सोळाच्या आतल्या मुलांना माफ आहे. झालेली नोंद काकूंच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पाठवली जाते.

सूज रेघेबाहेर गेली किंवा दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर परत दाखवायचं, आणि हुडहुडी भरून ताप, गोंधळल्यासारखं होणं, श्वास जड होणं असं काही झालं तर फार्मसी नाही, सरळ 999, इथला इमर्जन्सीचा नंबर. गोचीड चावून आसपास चकतीसारखं गोल उठलं तर तो लाइम रोग असू शकतो, ते जीपीकडे. डोळ्याजवळ चावलं असेल किंवा बाहेरदेशी चावलं असेल तरी पुढे पाठवतात.

(दृश्य: लहान मुलगा, सुजलेला हात)

काकूंच्या पाठोपाठ हा सहा वर्षांचा मुलगा आला, काल संध्याकाळी गांधीलमाशी चावलीय, हात मनगटापर्यंत फुगलाय, आईचा जीव खालीवर होतोय आणि तिला अँटिबायोटिकच हवंय. तपासणी तशीच, तेवढाच वेळ. चावून 24 तासही झाले नाहीत, ताप नाही, दाबलं तर दुखत नाही, खाज मात्र भरपूर. इन्फेक्शन नाही. गार पाण्याचं फडकं, खाजेसाठी अँटीहिस्टामिन सिरप, नखं कापायला सांगितली. आणि आईला खुर्चीवर बसवून तिच्याच हाताने मुलाचे दोन्ही हात तपासायला लावले, कुठे हात लावायचा, गरम कसं ओळखायचं, परवापर्यंत काय वाढलं तर परत यायचं.