एका आठवड्याचा जपान: क्योटो, नारा आणि कोयासान

नमस्कार. जपान पाहायची इच्छा असलेले बरेच जण आज इथे आले आहेत, आणि बहुतेकांच्या हाताशी रजा आहे ती आठवडाभराची. म्हणून आजचं बोलणं मी त्या एका आठवड्यापुरतंच ठेवते.

सहलीच्या जाहिरातींतला आठवड्याचा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. दोन दिवस टोकियो, एक दिवस फुजी, मग बुलेट ट्रेन, एक दिवस क्योटो, एक हिरोशिमा आणि ओसाकाहून परत. रोज सकाळी बॅग भरायची, रोज रात्री नव्या हॉटेलात उघडायची. क्योटोच्या वाट्याला आलेल्या त्या एका दिवसात सोनेरी मंदिर, इनारीच्या लाल कमानी आणि बांबूचं बन, तिन्ही ठिकाणं गर्दीच्या वेळीच पाहिली जातात. ज्यांना जपानची संस्कृती अनुभवायची आहे त्यांनी हा कार्यक्रम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टोकियोसाठी पुढे कधीतरी वेगळी रजा काढा. हा आठवडा कान्साईला, म्हणजे क्योटो, नारा, ओसाका यांच्या भागाला द्या.

कान्साई कशासाठी? नारा ही इ.स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. ७९४ साली दरबार क्योटोला आला आणि १८६८च्या सत्तांतरापर्यंत सम्राटांचं घर तिथेच राहिलं. मंदिरं, बागा, चहा, विणकाम, स्वयंपाक यांत जपानने जे उत्तम घडवलं त्यातलं कितीतरी या एका पट्ट्यात आहे. क्योटोहून नारा रेल्वेने पाऊण तासावर. विमानाचं तिकीट जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही कान्साई विमानतळाचं काढा. तिथून ‘हारुका’ गाडी सव्वा तासाच्या आसपास क्योटोला पोचवते. चार रात्री क्योटोत, एक नाऱ्यात, एक कोयासानच्या डोंगरावर. याहून जास्त काही घालू नका.

आता या दिवसांत पाहायचं काय? क्योटोत मंदिरंच शेकड्यांनी आहेत. यादी पुरी करायला निघालात तर चौथ्या दिवशी सगळी छपरं सारखी दिसायला लागतील. एखादं सूत्र धरून हिंडलात तर मात्र प्रत्येक ठिकाण आधीच्या ठिकाणाशी बोलायला लागतं. कोणी बागांचं सूत्र धरेल, कोणी चहाचं, कोणी लाकूडकामाचं. आपल्यासारख्यांना मी एक सूत्र आवर्जून सुचवते: आपल्या भूमीतून जे तिथवर गेलं, ते जपानने कसं सांभाळलं आणि त्याचं काय केलं, ते पाहत जा.

नाऱ्याच्या तोदाइजी मंदिरात ब्राँझची बुद्धमूर्ती आहे, सुमारे १५ मीटर उंच. इ.स. ७५२ मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रेखली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. ७३६ साली तो समुद्रमार्गे जपानात आला होता. त्याच्या कुंचल्याला एक लांबच लांब दोरी बांधलेली होती आणि जमलेल्यांनी ती हातात धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याच्या त्या कृतीत सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला आणि ती दोरी आजही शोसोइन या राजकोठारात जपून ठेवलेली आहे. तिथल्या निवडक वस्तूंचं प्रदर्शन दरवर्षी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाऱ्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्याची तारीख आधी पाहावी आणि वेळेचं तिकीट आगाऊ काढावं.

नाऱ्याला लोक सकाळी येतात, हरणांना बिस्किटं चारतात, बुद्ध पाहतात आणि संध्याकाळी परततात. तुम्ही रात्री राहा. पाच वाजल्यानंतर आणि सकाळी आठच्या आधी ते सगळं उद्यान हरणांचं आणि गावकऱ्यांचं असतं.

दुसऱ्या दिवशी होर्युजीला जा, नाऱ्याहून लोकलने बारा मिनिटांच्या आसपास. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत. मंदिराची स्थापना ६०७ची, पुढे आग लागली आणि सातव्या शतकाच्या अखेरीकडे पुन्हा बांधलं गेलं ते आजवर टिकलेलं. इथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रं होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिलेल्या माणसाला त्यांची शरीराची बाक, झुकलेली नजर, बोटांची ठेवण ओळखीची वाटते. अभ्यासकही ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच बोलतात. आराई कान्पो नावाचे जपानी चित्रकार १९१६ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आले, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती त्यांनी केल्या, आणि पुढे होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या चित्रकारांतही ते होते. २६ जानेवारी १९४९ रोजी, प्रतिकृतींचं ते काम चालू असतानाच मंदिराला आग लागली आणि मूळ चित्रं होरपळली. आज मुख्य मंदिरात दिसतात त्या प्रतिकृती. त्या आगीने हादरलेल्या देशाने पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि आजही दर २६ जानेवारीला जपानभरच्या मंदिरांत आग विझवण्याच्या कवायती होतात. हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून एक विनंती आहे: जपानला जाण्याआधी एकदा अजिंठा पाहून या. पूर्वी पाहिला असेल तरी पुन्हा पाहा. त्या प्रतिकृतींसमोर उभं राहाल तेव्हा डोळ्यांपुढे दोन्ही भिंती असतील.

क्योटोत हेच सूत्र तुम्हाला सान्जुसान्गेन्दोला नेतं. सुमारे १२० मीटर लांबीचं एकच सरळसोट दालन, आणि त्यात सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती. मधली बसलेली मूर्ती तान्केई या शिल्पकाराने १२५४ साली पुरी केली, वयाच्या ८२व्या वर्षी. बाकीच्या हजार दहा-दहांच्या रांगांत उभ्या आहेत. १२४९च्या आगीतून त्यांतल्या १२४ वाचल्या, उरलेल्या नव्याने घडवल्या गेल्या. पण लोक मूर्तींची संख्या पाहून थक्क होतात आणि पुढे उभ्या असलेल्या अठ्ठावीस रक्षक देवतांपाशी रेंगाळत नाहीत. तिथेच थांबा. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मा आहे, नारायण आहे. चोच असलेला, बासरी वाजवणारा गरुड आहे. काठीवर टेकलेला, बरगड्या दिसणारा वृद्ध तपस्वी आहे. चेहरे जपानी, अंगावर चिनी धाटणीची चिलखतं, आणि मूळ आपल्या पुराणांतलं. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे. तास-दीड तास काढा.

क्योटोतल्या दिवसाची आखणी कशी करायची? बहुतेक मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात. आपल्याकडे सुट्टीत दहा वाजता बाहेर पडायची सवय असते; तिथे दहाला निघालात तर दिवसातला चांगला भाग गेलेला असतो. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. फुशिमी इनारीला दारच नाही, चोवीस तास उघडं, तिकीटही नाही. पहाटे तिथल्या कमानींखालून चढायला लागा. गर्दीतले बहुतेक जण पहिल्या वळणांवरूनच परत फिरतात. अर्ध्या वाटेवरच्या चौकापर्यंत गेलात की शहर खाली दिसतं आणि आजूबाजूला पूजा करायला आलेले स्थानिक लोक असतात. सकाळी एक ठिकाण, दुपारी एक ठिकाण, एवढं पुरे. मधल्या वेळेत गल्ल्यांतून चाला, टोफूच्या दुकानाशी थांबा, नदीकाठी बसा.

बागांबद्दल थोडं. आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. ही चालत पाहायची बाग. पाऊल पुढे पडेल तसं दृश्य बदलावं अशी तिची रचना. जाण्याआधी एखाद्या सकाळी तिथे सावकाश हिंडून या, नजर तयार होईल. क्योटोच्या र्योआनजीची बाग याच्या उलट, एका जागी बसून पाहायची. पांढरी खडी आणि पंधरा दगड, आणि ते असे मांडलेले की ओसरीवर कुठेही बसलात तरी पंधराही एकदम दिसत नाहीत.

चहाचं सांगते. चहाच्या परंपरेला सेन नो रिक्यू यांनी सोळाव्या शतकात जे साधं, आतल्या वळणाचं रूप दिलं, ते त्यांच्या वंशजांच्या तीन घराण्यांनी क्योटोत आजही चालवलं आहे. संपूर्ण चहाविधी जेवणासकट चारेक तासांचा असतो. पाहुण्यांसाठी पाऊण-एक तासाचे छोटे विधी असतात. किमोनो भाड्याने आणि फोटो हाच ज्याचा मुख्य भाग आहे ते टाळा, शिकवणारी व्यक्ती कोण आहे ते पाहून नाव नोंदवा. आधी गोड खायचं, मग वाडगा दोन्ही हातांत घेऊन थोडा फिरवायचा, त्याची दर्शनी बाजू ओठांना लागू नये म्हणून. बसायचं असतं ते वज्रासनात. महिनाभर आधी घरी रोज पंधरा मिनिटं वज्रासनाचा सराव करा, म्हणजे सगळं लक्ष गुडघ्यांकडे जाणार नाही.

क्योटोच्या गिओन भागात गेइको म्हणजे पारंपरिक नर्तकी-गायिका आणि माइको म्हणजे त्यांच्या शिकाऊ, यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावण्याचा प्रकार इतका वाढला की २०२४ पासून तिथल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना मज्जाव आहे, दहा हजार येन दंडाची पाटी आहे. या बायका आपल्या कामाला निघालेल्या कलावंत आहेत. त्यांची कला पाहायची असेल तर एप्रिलमध्ये ‘मियाको ओदोरी’ हा नृत्याचा कार्यक्रम असतो, १८७२ पासूनचा. त्याचं तिकीट काढा आणि दोन पावलं मागे राहून त्यांना वाट द्या.

आता कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून डोंगर चढणारी केबल कार, मग बस. कूकाई या आचार्यांनी चीनमध्ये मंत्रयानाची, म्हणजे मंत्र-मुद्रांवर भर देणाऱ्या बौद्ध पंथाची दीक्षा घेतली आणि ८१६ साली ही जागा साधनेसाठी मिळवली. सुमारे ८०० मीटर उंचीवर, देवदारांच्या रानात, शंभराहून जास्त मंदिरांचं गाव आहे. त्यांतल्या पन्नासेक मंदिरांत पाहुण्यांना राहता येतं. जमिनीवर तातामी म्हणजे गवती चटया, त्यावर गादी, संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, पहाटे मंत्रपठण. काही मंदिरांत पहाटे अग्नीत आहुती देऊन विधी होतो. समिधा, मंत्र, मुद्रा पाहताना आपल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. स्त्रियांना या डोंगरावर शतकानुशतकं बंदी होती, ती १८७२ साली सरकारने उठवली. त्या जिथवर येऊन थांबत ते ‘न्योनिन्दो’ अजून उभं आहे. ते पाहिल्याशिवाय कोयासान सोडू नका.

ओकुनोइनची वाट दोन किलोमीटरची आहे, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या आणि स्मारकं. वाटेच्या शेवटी कूकाईंचं स्थान. ८३५ साली त्यांनी देह ठेवला असं तिथे कोणी म्हणत नाही. ते ध्यानात बसले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि भिक्षू आजही रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. आळंदीला संजीवन समाधीपुढे हात जोडलेल्या माणसाला तिथली शांतता लगेच कळते. पुलापलीकडे फोटो काढत नाहीत, टोपी उतरवतात.

शाकाहाराची काळजी पुष्कळांना असते, ती खरी आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पातळ सार, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. म्हणून भाज्यांचा उदोन म्हणजे जाड शेवया, मिसो सूप, तेंपुराची चटणी, यांत मासा नजरेला न पडता असतो. विचारताना ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. ‘माशाची दाशीही नको’ हे जपानीत लिहून जवळ ठेवा. मंदिरांतला शोजिन स्वयंपाक मात्र कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके ही अळंबी यांच्या दाशीवर होतो, त्यात कांदा-लसूणही नसतो. कोयासानचा तिळाचा टोफू, क्योटोची युबा म्हणजे सोयादुधाची साय, नान्झेनजीजवळचा गरम टोफू, हे पोटभर आणि समाधानाने खाता येतं.

कधी जायचं? चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, तेव्हा क्योटो तुडुंब. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर ५ मेपर्यंतचा ‘गोल्डन वीक’ हा जपानी सुट्ट्यांचा आठवडा टाळा; त्यानंतर कोवळी पालवी आणि १५ मेला आओइ मात्सुरी या उत्सवाची मिरवणूक. जूनमध्ये पाऊस. क्योटोची पानं लाल होतात ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, पण कोयासान उंचावर असल्यामुळे तिथे ती ऑक्टोबरअखेरीपासून रंगतात. दिवाळीच्या सुट्टीला हे चांगलं जुळतं.

कामांचा क्रम असा ठेवा: तारखा, कोयासानचं मंदिर, क्योटोचं हॉटेल, मग व्हिसा आणि बाकीचं. देशभराचा रेल्वे पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली, आणि या प्रवासात तो वसूल होत नाही. गाड्यांच्या भाड्यासाठी इकोका हे प्रीपेड कार्ड घ्या, हवे तसे पैसे भरा. मोठी बॅग हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवायची उत्तम सेवा तिथे आहे, ती वापरून डोंगरावर एका रात्रीपुरती पिशवी न्या.

बरोबर आईवडील असतील तर दिवसाला एकच ठिकाण ठेवा. बूट पटकन निघतील-घालता येतील असे घ्या, कारण ते दिवसातून अनेकदा काढावे लागतात. कोयासानला आरक्षण करतानाच जेवायला खुर्ची-टेबल आणि खोलीला जोडून स्वच्छतागृह मिळेल का ते विचारा; बऱ्याच मंदिरांत ते सामायिक असतं, पण काही ठिकाणी सोय होते. इनारीची चढण त्यांच्यासाठी सोडून द्या आणि तो वेळ सान्जुसान्गेन्दोला द्या, तिथली सगळी वाट सपाट आहे.