कंबर दुखते? मग बरं वाटणाऱ्या दिवसाला सांभाळा!

नमस्कार मंडळी! "ताई, कंबर दुखून राहिली, व्यायाम करू का नको?" रोज हाच प्रश्न. पटकन सांगते. दुखणं १२ आठवड्यांच्या वर गेलं की ते जुनाट. त्यात पडून राहण्यापेक्षा हलतं राहणं बरं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली व्यायाम सुचवला, कमरेचा पट्टा नाही. पायातली ताकद गेली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर व्हिडिओ बंद करा अन् लगेच दवाखाना गाठा. चालणं, ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) वगैरे तुम्हाला येतंच.

माझं भांडण आहे बरं वाटणाऱ्या दिवसाशी. हो, बरं वाटणाऱ्या!

मागचा एप्रिल. मी नागपूरच्या अंबाझरी तलावावर रोज २० मिनिटं चालायची. एक सकाळ अशी उजाडली की कंबर आहे हेच विसरली. मग काय राजेहो, ४० मिनिटं चालली, वरून कूलरमध्ये आठ बादल्या ओतल्या. तेव्हा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मोजा पायापर्यंत पोचेना! पलंगाच्या कडेला बसून लेकाला हाक मारली. वाटलं, मणका सरकला, व्यायामानंच वाट लावली. पंधरा दिवस सगळं बंद.

(अन् कृपा करून एमआरआयचे फोटो पाठवू नका. कधी कंबर न दुखलेल्यांच्याही एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते.)

एक काका लिहितात, "दुखलं की थांबतो, नाही दुखलं की मनसोक्त करतो." काका, हेच तर माझं झालं ना बाप्पा! किती चालायचं हे दुखणं ठरवून राहिलं, तुम्ही नाही. महिन्याचा हिशोब मांडा, मनसोक्त चार दिवस, बाकी पलंग.

म्हणून उलटं करा. वाईट दिवशीही जमेल तेवढं आधी ठरवा. माझं १२ मिनिटं निघालं. बरं वाटलं तरी १२च. आठवडा नीट गेला तर दोन वाढवा. करताना थोडं दुखलं अन् दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीइतकं झालं, तर चालतं. नाही उतरलं तर कमी करा, बंद नका करू.

सगळ्यात जड काय जातं, सांगू? थांबणं. माझ्या वाटेवर एक बाकडं आहे, तिथून मी वळते. मैत्रिणी म्हणतात, "एवढंच?" म्हणू दे.

अन् कूलरला आता पाईप लावला आहे.