मग बाकीचं पाणी कुठं गेलं?

श्रोतेहो, नमस्कार. शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण. पृथ्वीची ही चार आवरणं आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केली. पण ती एकमेकांत किती गुंतलेली आहेत, ते पाठांतरानं कळत नाही. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याचा गंधकवायू उंच हवेत पसरला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. जमिनीच्या पोटातलं निघालं, आभाळात गेलं. मुलांना हे उमगायला हवं असेल, तर आधी करू द्या, मग बोलू द्या.

सातवीच्या वर्गातली गोष्ट सांगते. एका गटाकडे जमिनीची धूप हा विषय होता. त्यांनी दोन मोठ्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापली, माती भरली. एकीत गवत पेरून तीन आठवडे वाढवलं, दुसरीत नुसती माती. सादरीकरणाच्या दिवशी दोन्हींवर पेलाभर पाणी ओतलं. उघड्या मातीतून लगेच गढूळ, तपकिरी लोंढा आला. गवताच्या बाटलीतून काहीच नाही. पाणी ओतणारी मुलगी कावरीबावरी झाली. “बाई, आमचा प्रयोग फसला.”

म्हटलं, थांब जरा. अख्खा वर्ग बाटलीच्या तोंडाकडे डोळे लावून बसला. एक थेंब आला. मग दुसरा. जवळजवळ नितळ. पण पेला अर्धाही भरेना, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मग बाकीचं पाणी कुठं गेलं?”

मुलीनं गवताच्या मुळाशी बोट खुपसलं. ओलं, चिखलानं माखलेलं बोट वर धरलं. “इथंच आहे!”

ते तिनं वहीत लिहिलं, तेही पेननं. निरीक्षणं पेननंच लिहावीत, असं माझं ठाम मत आहे. खोडरबर हाताशी असलं की मुलं चुकलेला अंदाज पुसतात, आणि तोच तर जपायचा असतो.

तर पुन्हा सांगते, आधी करू द्या, मग बोलू द्या. त्या मुलांनी गवतावर पारदर्शक पिशवी बांधून बाटली उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी पिशवीला आतून थेंबच थेंब. माती, मुळं, पाणी, हवा, सगळं त्या एका बाटलीत. मुलीनं लिहून आणलेला कागद बाकावर ठेवला, बाटली उचलली आणि बोलायला उभी राहिली.