फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढलात, पण नेलात कुठे?

नमस्कार. श्रावण सुरू होऊन सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, फुले दिसू लागली, आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी नवे फ्लॅश घेऊन येऊ लागले, की एकच प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो: ‘किड्याफुलांचा अगदी जवळून फोटो काढताना फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून वायरलेस ट्रिगरवर, म्हणजे दुरून फ्लॅश उडवणाऱ्या साधनावर घेतला, तरीही फोटो पूर्वीसारखाच कर्कश, धारदार सावल्यांचा का येतो?’

प्राथमिक गोष्टी आपणांस ठाऊक असतीलच, म्हणून झटपट सांगतो. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० सेकंद, भिंगाचे छिद्र एफ/११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, फ्लॅशही मॅन्युअलवर. एकास एक मोठेपणाला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, सुमारे दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, तो फ्लॅशने भरून काढायचा. बस्स.

आता खरी अडचण. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढल्याने प्रकाशाची केवळ दिशा बदलते. तो मऊ होतो तो किड्याच्या नजरेतून दिवा किती मोठा दिसतो यावर. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर आहे, पण तो पंधरा कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आपल्याला ठिपक्याएवढा दिसतो आणि त्याची सावली धारदार पडते. उलट आषाढातले ढगाळ आकाश डोक्यावर सर्व बाजूंनी पसरलेले असते, म्हणून त्या दिवशी सावली शोधावी लागते. किड्यासाठी आपल्याला तसे आभाळ बांधायचे आहे.

हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. देवगडच्या सड्यावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे फोटो घेताना फ्लॅश अर्धा मीटर दूर धरला होता, आणि घरी येऊन पाहतो तो प्रत्येक चिकट थेंबात एकेक जळजळीत पांढरा ठिपका. थेंब म्हणजे आरसाच; त्यात दिसतो तो आपला दिवा. पुढच्या वेळी टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम फ्लॅशसमोर वाकवून पंधरा सेंटिमीटरचा पडदा केला, तो रोपापासून दहा सेंटिमीटरवर आणला, तेव्हा थेंबांत ठिपक्याऐवजी सौम्य उजळ पट्टा उतरला आणि आतला लालसर देठ दिसू लागला.

‘एवढ्या जवळ आणल्यास फोटो पांढराफटक होईल’, असे एका प्रेक्षकाने ठामपणे लिहिले आहे. होईल, जर आपण फ्लॅशची शक्ती कमी केली नाही तर. अंतर निम्मे केले की ढोबळ मानाने चौपट प्रकाश मिळतो, म्हणजे १/४ शक्तीवरून १/१६ वर येता येते. आणि शक्ती कमी झाली की झोताचा कालावधीही आखूड होतो, अनेक फ्लॅशमध्ये १/१६ ला तो १/१०,००० सेकंदाच्या आसपास असतो. दर्यावरून येणाऱ्या वाऱ्यात गवताचे पाते एक क्षण थांबत नाही, तिथे हालचाल गोठवतो तो हा आखूड झोत, शटर नव्हे. म्हणून पुन्हा तेच सांगतो: जवळ आणा, अजून जवळ आणा, पडदा फोटोच्या चौकटीच्या कडेला दिसू लागेपर्यंत आणा, आणि मग बोटभर मागे घ्या.

जाता जाता एक तक्रार. मृगाचा किडा हलू नये म्हणून त्याला डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला माझ्या व्हिडिओखाली कृपया देऊ नये. पहाटेच्या गारव्यात किडे आपोआप संथ असतात; तेव्हा उठण्याचा आळस किड्याच्या जिवावर काढण्यात कसले कौशल्य आहे?

राहिली काळी पार्श्वभूमी. पडदा फुलापासून दहा सेंटिमीटरवर आणि मागचे गवत त्याच पडद्यापासून एक मीटरवर असेल, तर गवताला फुलाच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढा प्रकाश मिळतो, त्यामुळे ढगाळ दुपारचा फोटोही मध्यरात्रीचा वाटतो. त्यावर उपाय म्हणून मी फुलामागे वीतभर अंतरावर फणसाचे गळून पडलेले पिवळे पान धरतो, आणि ते ओले असल्यास धोतराला पुसून घेतो.